नेट स्लो आहे म्हणून फोन करायच्या आधी हे वाचा

रात्री आठ ते अकरा आमच्या ऑफिसचा फोन खाली ठेवता येत नाही आणि तक्रार बहुतेक एकच, १००चा (म्हणजे १०० एमबीपीएस स्पीडचा) प्लॅन घेतलाय पण स्पीड टेस्टला ३० दाखवतंय.

टेस्ट कुठे केली विचारलं की कळतं बेडरूममध्ये, मोबाईलवर. राऊटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे कोंबलेला, मध्ये दोन भिंती आणि आरशाचं कपाट, आणि मोबाईल २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडलेला (वायफायचे बँड म्हणजे लहरींचे पट्टे, एक २.४चा, दुसरा ५चा). त्या बँडवर एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच, बिल्डिंगमधल्या सगळ्यांची वायफाय त्याच तिनात घुसलेली, मग ३० आले तरी भरपूर म्हणायचे. आमचा माणूस येतो, लॅपटॉपला लॅन केबल लावतो, ९४-९५ येतात, तो परत जातो. तेवढ्या वेळात ज्याची फायबर खरंच तुटलीये तो बसलाय वाट बघत.

म्हणून टेस्ट करायची तर केबलने करा, नाहीतर राऊटरच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवर, आणि तेव्हा घरातले बाकीचे व्हिडिओ बंद ठेवून. तरीही कमी आलं तर स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅप करा, मग ते काम आमचं.

काहीजण चिडून थेट २००चा प्लॅन मागतात. पैसे आम्हालाच मिळणार, पण राऊटर जुना असेल आणि त्याचे लॅन पोर्ट १००चे असतील तर केबलने पण ९५च्या पुढे जाणार नाही, आणि बेडरूममध्ये तर तेच ३०. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ पुरतात. चार माणसांच्या घराला ५०चा प्लॅन आरामात चालतो. त्यापेक्षा आतल्या खोलीपर्यंत लॅन वायर ओढून दुसरा राऊटर बसवा, खर्च एकदाच. आम्ही बसवून देतो, वायरचे पैसे मीटरप्रमाणे, आणि वर्षाचा प्लॅन एकदम भरणाऱ्यांकडून बसवायचे घेत नाही.

आता "तुम्ही एकच लाईन सगळ्यांना वाटता" हा आरोप. हो, वाटतो, घरगुती नेट असंच चालतं. आमच्या मशीनच्या एका फायबर पोर्टला साधारण अडीच जीबीपीएस, म्हणजे अडीच हजार एमबीपीएस मिळतात, त्यावर ६४ घरं लावता येतात, आम्ही ३२वर थांबतो, म्हणजे त्याच मशीनवर आमची कमाई निम्मी. सगळ्यांनी एकाच वेळी पूर्ण १०० ओढले तर ३२ला पण पुरणार नाही, पण ३२ घरांत एक-एक फोर-के टीव्ही लागला तरी ४८०च होतात. खरी ओढाताण पुढच्या बँडविड्थची, म्हणजे आमच्या मशीनपासून बाहेरच्या इंटरनेटपर्यंतच्या क्षमतेची, जी आम्ही महिन्याच्या भाड्याने विकत घेतो. मोठ्या मॅचच्या रात्री ती भरत आली की वाढवून घ्यावी लागते आणि तो खर्च तुमच्याच बिलातून निघतो, त्यातले १८ टक्के जीएसटीचे तर आमच्याकडे थांबत पण नाहीत. प्रत्येकाला १०० राखून ठेवायचे म्हणजे लीज लाईन, ती ऑफिसला देतो, भाव वेगळा, घरासाठी कोणी घेऊ पण नये. समोरचा शंभर रुपये कमी घेत असेल तर एका पोर्टवर किती घरं लावलीत एवढं त्याला विचारून बघा.

घरातल्या फायबरच्या बॉक्सवर लाल लाईट लागला असेल तर टेस्ट-बिस्ट काही करत बसू नका, थेट फोन करा. आणि राऊटरच्या मागचं बारीक भोक टाचणीने दाबू नका, सगळं सेटिंग उडतं आणि मग यावंच लागतं.