गोडावर तिखट, तिखटावर गोड

दिवाळीनंतर ऑफिस उघडलं की पहिले काही दिवस फायलींपेक्षा डबेच जास्त उघडतात. एकीकडे भाजणीची चकली, दुसरीकडे पातळ पोह्यांचा चिवडा, कोपऱ्यात कोणाच्या तरी आईने केलेले अनारसे. जेवण होऊन तासही झालेला नसतो, तरी हात जातोच. हा नुसता हावरटपणा नाही.

एकच पदार्थ खात राहिलं की त्याची गोडी घासागणिक उतरते. तिसऱ्या बेसनलाडवाला पहिल्याची मजा नसते. गंमत अशी, की हा कंटाळा मुख्यतः त्या पदार्थापुरताच असतो. खाण्याच्या सवयींच्या अभ्यासक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली हे मोजून दाखवलं. एकाच प्रकारच्या सँडविचऐवजी चार वेगवेगळ्या सारणांची सँडविच पुढे आली, तेव्हा लोकांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं. आता फराळाचं ताट आठवा. शंकरपाळ्यांनी तोंड गोडमिट्ट झालं की चिवड्यातली मिरची, ती झोंबली की करंजी, मग पुन्हा कुरकुरीत शेव. जिभेला कंटाळा येऊच नये याची इतकी चोख व्यवस्था प्रयोगशाळेलाही जमली नसती!

पोटही साथ देतं. घास उतरू लागले की जठराचा वरचा भाग सैलावतो आणि आतला दाब फारसा न वाढता लिटरभर ऐवज सहज मावतो. ‘आता बास’ सांगणारी आतड्यातली संप्रेरकं जरा उशिरा कामाला लागतात. त्यात फराळ कोरडा आणि तळलेला. पाणी कमी म्हणून तो टिकतो आणि म्हणूनच मूठभरात कॅलरीही दाटीवाटीने बसतात. पिठाच्या एका ग्रॅममध्ये साधारण चार किलोकॅलरी, तर तुपा-तेलाच्या ग्रॅममध्ये नऊ.

सोबतीचा परिणाम वेगळाच. माणसं चारचौघांत एकट्यापेक्षा जास्त खातात, हे मानसशास्त्रज्ञ जॉन डी कॅस्ट्रो यांनी लोकांच्या खाण्याच्या नोंदवह्यांवरून दाखवलं. गप्पा लांबतात, तसं जेवणही लांबतं. आपल्याकडे वर ‘एक तरी घ्याच’ हा आग्रह असतो, त्याचं मोजमाप कोण करणार?

वजनाची धास्ती मात्र जरा जास्तच घेतली जाते. अमेरिकेत नाताळच्या हंगामाचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत सरासरी वाढ निघाली जेमतेम ०.३७ किलो. खुद्द सहभागींना ती बरीच जास्त वाटत होती. फक्त पुढे वर्षभरात ती उतरल्याचं दिसलं नाही.