अ‍ॅक्रिंग्टनचा क्लब 1888 चा? जरा थांबा

फुटबॉलप्रेमींच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड कायम फिरतो: "इंग्लंडमधल्या छोट्याशा अ‍ॅक्रिंग्टन गावचा आजचा क्लब 1888 ची पहिली लीग सुरू करणाऱ्या 12 क्लबांपैकी एक." गोंधळ होणं साहजिक आहे, कारण त्या 12 मध्ये अ‍ॅक्रिंग्टनचं नाव खरंच आहे.

पण तो क्लब वेगळा. त्याने 1893 मध्ये लीग सोडली आणि 1896 मध्ये तो बंदच पडला. आजच्या क्लबचं (अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली) मूळ सापडतं 1891 मध्ये, म्हणजे जुना क्लब लीगमध्ये खेळतच होता तेव्हा हा त्याच गावात सुरू झाला, मग दोन्ही एक कसे असतील?

हा दुसरा क्लब लीगमध्ये आला थेट 1921 ला, 1962 मध्ये कर्जापायी हंगाम अर्धवट टाकून बाहेर पडला, पुढे बुडाला, 1968 मध्ये गावकऱ्यांनी त्याच नावाने परत उभा केला आणि 2006 मध्ये पुन्हा लीगमध्ये. गंमत म्हणजे 1962 ला यांची जागा ऑक्सफर्डच्या क्लबला मिळाली होती आणि 2006 ला हे वर आले तेव्हा लीगमधून खाली गेलेल्यांत ऑक्सफर्डच होतं! मला तर संस्थापक असण्यापेक्षा हीच स्टोरी भारी वाटते.

चेक करायचं तर लीगचे जुने पॉइंट टेबल बघा, 1893 ते 1921 मध्ये अ‍ॅक्रिंग्टन कुठेच दिसणार नाही.