ग्राफिक्स कार्ड महाग झालंय: आत्ता घ्यायचं की थांबायचं?

गेल्या काही महिन्यांत दुकानात आलेला जवळजवळ प्रत्येक ग्राहक एकच प्रश्न विचारतो. "भाव अजून वाढणार म्हणतात, आत्ताच घेऊन टाकू का?" काउंटरवर गर्दी असताना याचं नीट उत्तर देता येत नाही, आणि घाईत दिलेल्या उत्तरावर कोणी तीस-चाळीस हजार रुपये घालावेत हे आम्हाला पटत नाही. म्हणून हे पत्रक. घरी न्या, सावकाश वाचा, यातल्या चाचण्या आपल्या मशीनवर करून बघा आणि मग या.

आमचं मत आधीच सांगतो. भाव वाढेल या धास्तीने कार्ड घेऊ नका. पण तुमचं काम कार्डामुळेच अडतंय हे तपासून कळलं असेल, तर भाव उतरायची वाट बघत वर्ष घालवू नका.

भाव कशामुळे चढले

कार्डांची टंचाई आपण याआधीही सोसली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हिडिया या कार्डांच्या चिप बनवणाऱ्या कंपनीची ३० मालिका आली, तेव्हा कोविडमुळे सगळे घरात होते आणि कॉम्प्युटरला प्रचंड मागणी होती. त्यात इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगसाठी, म्हणजे कार्डांना गणितं सोडवायला लावून ते चलन कमावण्यासाठी, लोक एकेका खोलीत रांगेने कार्डं लावून बसले होते. २०२१ मध्ये अमेरिकेत ३२९ डॉलरला जाहीर झालेलं आरटीएक्स ३०६० त्या भावात मिळणं मुश्किल झालं होतं. मग २०२२ मध्ये भाव उतरत गेले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली, कार्डावरचं त्याचं मायनिंग एका दिवसात संपलं आणि वापरलेल्या कार्डांचे ढीग बाजारात आले. आदल्या वर्षी नुसत्या भीतीपोटी जादा पैसे मोजलेले काही ग्राहक आजही आले की ती हळहळ बोलून दाखवतात.

या खेपेचं कारण वेगळं आहे. कार्डावरची मेमरी आणि मशीनमधली रॅम या एकाच कुळातल्या चिप आहेत, आणि जगात त्या मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी एचबीएम नावाची मेमरीही याच कंपन्या बनवतात. तिच्यात नफा जास्त, आणि तेवढ्याच जीबीच्या साध्या रॅमला लागतं त्याच्या साधारण तिप्पट सिलिकॉन तिला लागतं. साहजिकच आपल्यासारख्यांच्या वाट्याला माल कमी उरला. २०२५ च्या अखेरीस काही महिन्यांतच रॅमचे भाव दुपटीच्याही पुढे गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपण बसवून दिलेल्या कितीतरी मशीनमध्ये क्रुशियलची रॅम किंवा एसएसडी आहे, त्यामुळे ती बातमी आम्हालाही लागली.

मेमरीचा नवा कारखाना उभा राहायला काही वर्षं लागतात. म्हणून मायनिंगसारखं हेही एका दिवसात संपेल असं धरून चालू नका. आणि "पुढच्या आठवड्यात पाच हजार वाढणार, आजच घ्या" असं कोणी म्हणालं, तर त्याच्याकडून तारखेसह भाव लिहून घ्या आणि घरी जा.

आधी बघा, अडतंय नक्की कुठे

जुळे सोलापुरातून एक विद्यार्थी आला होता. नवं कार्ड घालूनही गेम अडखळतोय, म्हणून आणखी मोठं कार्ड मागत होता. मशीन आणायला लावलं. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली होती, म्हणजे महिनाभर ते कार्ड नुसतं बसून होतं. असा प्रकार आमच्याकडे वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. तेव्हा आधी मागे वाकून केबल कुठे लागलीय ते बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वरच राहिलेला नाही ना, हेही बघा.

मग गेम किंवा सॉफ्टवेअर चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर चिकटून असेल तर कार्ड कमी पडतंय. तो ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर दोष प्रोसेसरचा, रॅमचा किंवा डिस्कचा असण्याची शक्यता जास्त. आणखी एक सोपी चाचणी आहे. गेमचं रेझोल्यूशन १०८० वरून ७२० करा. फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढल्या तर कार्ड अडवत होतं. आकडा होता तिथेच राहिला तर प्रोसेसर अडवतोय, आणि अशा मशीनमध्ये कितीही महागडं कार्ड घातलं तरी फरक पडणार नाही.

तिसरी गोष्ट उष्णतेची, आणि ती सोलापुरात विसरून चालत नाही. एप्रिल-मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतं, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. एनव्हिडियाच्या जुन्या जीटीएक्स १० मालिकेतली कार्डं ८३ अंशांच्या आसपास गेली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. पूर्व भागातून येणाऱ्या मशीनमध्ये तर पंख्यावर आणि हीटसिंकवर सुताच्या तंतूंचा अक्षरशः थर असतो. यंत्रमागाशेजारच्या घरात तो जमणारच. नुसती सफाई करून आणि नवी थर्मल पेस्ट लावून तापमान उतरलेली, पुन्हा पूर्ण वेगाने चालू लागलेली कार्डं आम्ही खूप पाहिली आहेत. नव्या कार्डाच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

काम बघून ठरवा

चादरी आणि टॉवेलची डिझाइनं करणाऱ्यांना आम्ही बहुतेक वेळा कार्ड घेऊ नका असंच सांगतो. जेकार्डचं, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीचं, डिझाइन म्हणजे मर्यादित रंगांचं, चौकटी-चौकटीचं चित्र. त्याला ग्राफिक्सची ताकद फारशी लागत नाही. कोरल, फोटोशॉप आणि फ्लेक्सची मोठी फाइल यांना रॅम आणि एसएसडी हवी. ऑटोकॅडमध्ये टूडी नकाशे काढणाऱ्याला प्रोसेसरचा एकच कोर वेगवान असला की पुरतं.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं, कारण लग्नसराईत सगळ्यात जास्त चुकीची खरेदी त्यांच्याकडून होते. हल्लीचे कॅमेरे १० बिट ४:२:२ पद्धतीचं, म्हणजे रंगांची जास्त माहिती असलेलं, फुटेज देतात. टाइमलाइन अडखळते ती बहुधा या फुटेजमुळे, कारण ते उलगडायची सोय सगळ्या कार्डांत नसते. एनव्हिडियामध्ये ती ५० मालिकेत आली. उलट इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या ज्या प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स आहे, त्यांना एच २६५ या व्हिडिओ-पद्धतीचं असं फुटेज झेपतं. नावात 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं, तेवढं लक्षात ठेवा. म्हणजे तुमच्याकडे १२वी पिढी असेल आणि त्यात एफ नसेल, तर बायोसमधलं (मशीन सुरू होताना उघडायच्या मेनूमधलं) एक सेटिंग चालू करून काम भागू शकतं. तेही नसेल तर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या नकला, बनवा. रात्री फाइली लावून झोपा, सकाळी हलक्या फाइलींवर एडिट करा, शेवटची फाइल मूळ फुटेजवरून काढा. याला एक रुपयाही लागत नाही.

हे सगळं करूनही कलर ग्रेडिंग आणि नॉइज काढण्यात रात्र जात असेल, तर कार्ड घ्या. त्या कामाला ते खरंच लागतं. ब्लेंडरमध्ये रेंडर करणारे आणि घरच्या मशीनवर एआयची मॉडेल चालवून शिकणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी यांचंही तसंच. त्यांचा सीन किंवा मॉडेल कार्डाच्या मेमरीत मावलं नाही, तर काम एक तर बंद पडतं किंवा रखडतं. त्यांनी वेगापेक्षा जीबी बघावेत.

गेम खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. व्हॅलोरंटसारख्या खेळाला जीटीएक्स १६५० सुद्धा पुरतं. मोठ्या गेममध्ये अल्ट्राऐवजी हाय ठेवा, सावल्या एक पायरी खाली आणा, गेममध्ये एफएसआर (कमी रेझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारी सोय) असेल तर लावा; ते जुन्या कार्डांवरही चालतं. एवढ्यावर एखादं वर्ष आरामात निघतं. जीटीएक्स १०६० वाल्यांना मात्र दोन गोष्टी सांगायला हव्यात. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर त्या मालिकेला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं थांबवलं. सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. आणि मे २०२५ मध्ये आलेल्या 'डूम: द डार्क एजेस'सारख्या काही गेमना रे ट्रेसिंगची (उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याची) सोय असलेलंच कार्ड लागतं. तुम्हाला तसेच गेम खेळायचे असतील तर जुन्या कार्डाचे दिवस भरले.

घ्यायचंच ठरलं तर

नाव एक आणि मेमरी वेगळी, हा घोळ नीट समजून घ्या. आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबीतही येतं आणि १६ जीबीतही. एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटीचंही तसंच. २०२५ मध्ये जाहीर झाली तेव्हा दोन्हींत ८ आणि १६ जीबीमधला फरक ५० डॉलरचा होता. आता मेमरीच महाग आहे, म्हणून हा फरक ताणला जातो आणि ८ जीबीचं कार्ड स्वस्त दिसतं. तीन-चार वर्षं वापरायचं असेल तर आम्ही १६ जीबीच सुचवतो. बजेट तेवढं नसेल तर १२ जीबीचं बघा. आरटीएक्स ३०५० मध्ये तर ६ जीबी आणि ८ जीबी ही मुळातच वेगवेगळ्या ताकदीची कार्डं आहेत.

तुमचा मदरबोर्ड जुना असेल, म्हणजे एच ३१०, एच ४१० किंवा बी ४५० या वर्गातला, तर ८ जीबीचं नवं कार्ड तिथे जास्त अडखळतं. कार्डाची मेमरी भरली की माल मदरबोर्डच्या रस्त्याने ये-जा करतो आणि त्या बोर्डांवर तो रस्ता अरुंद आहे. इंटेलचं १२ जीबीचं बी ५८० भावाने चांगलं आहे, पण रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या जुन्या मशीनमध्ये ते बरंच मंदावतं. आमच्याकडे फोन करून बोर्डाचं नाव सांगा, जमेल की नाही ते आम्ही सांगू.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, विसरू नका. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर ४५० वॅट लिहिलेलं असतं, पण त्यावर आरटीएक्स ५०६० लावू नका. त्या कार्डाला एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, आणि तोही चांगल्या कंपनीचा हवा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच झेपवतो. लाइट गेली आणि त्याच क्षणी मशीनही बंद पडलं, तर दोष कार्डाला देऊ नका.

सेकंडहँड घ्यायला आमची हरकत नाही. मायनिंगमधून आलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही. त्याचे पंखे आणि थर्मल पॅड झिजलेले असतात, ते बदलता येतात. फसवणूक होते ती दुसरीकडे. जुन्याच चिपवर नवं नाव चढवून विकलेली कार्डं बाजारात आहेत. आरएक्स ५८० म्हणून विकली जाणारी कितीतरी कार्डं २०४८ कोरची असतात. खऱ्या ५८० मध्ये २३०४ असतात. जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवून आकडे जुळवा, समोर अर्धा तास गेम चालवून बघा, आणि मूळ बिल व सिरीयल नंबर मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. वॉरंटी किती उरली हे त्यावरूनच कळतं. पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसने स्वस्तात आणलेलं कार्ड महिन्याभरात बंद पडलं, तर परत जाण्यातच बचत संपते.

हिशोब असा मांडा. समजा कार्ड ३६ हजारांचं आहे आणि तीन वर्षं वापरणार आहात, तर ते महिन्याला हजार रुपयांना पडलं. व्हिडिओवाल्याचे महिन्यात दहा तास वाचत असतील तर ते वसूल आहे. फक्त रविवारी दोन तास खेळणाऱ्या मुलासाठी कर्ज काढून घेत असाल, तर आम्ही तुम्हाला थांबवू. आईवडिलांनी यावर रागावू नये आणि मुलांनीही.

आमच्याकडची पद्धत

कार्डासोबत मॉनिटर किंवा एसएमपीएस घ्यायलाच हवा, अशी अट आम्ही घालत नाही. टंचाईत ती पद्धत बाजारात पडली, ती आम्हाला कधीच मान्य नव्हती. लेखी भाव दिला की त्यावर तारीख असते आणि तो दोन दिवस पाळतो. त्यापुढे आम्हालाच माल कोणत्या भावात मिळेल याची खात्री नसते. बिल १८ टक्के जीएसटीसह पक्कं आणि त्यावर सिरीयल नंबर. बिनबिलाचं कार्ड मागू नका. जुनं कार्ड चालू असेल तर लगेच विकू नका, नव्याला वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर तेच कामाला येतं.

तपासणी मोफत आहे. येताना फक्त कॅबिनेट आणा. मॉनिटर, कीबोर्ड, केबल आमच्याकडे आहेत. कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा गेममध्ये अडतं ते कागदावर लिहून आणा, आणि जमल्यास ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन या.