मेरी जॅक्सन

मेरी विन्स्टन जॅक्सन (९ एप्रिल १९२१ – ११ फेब्रुवारी २००५) या आधी गणिताच्या शिक्षिका, मग नासातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला इंजिनिअर, आणि आयुष्यभर आपल्या गावातल्या पोरांसाठी राबणाऱ्या कार्यकर्त्या. पहिल्या म्हणून त्यांचं नाव होतं ते रास्तच आहे, पण मागून येणाऱ्यांसाठी त्यांनी जे केलं ते तितकंच मोठं.

गाव अमेरिकेतलं हॅम्प्टन, व्हर्जिनिया राज्य. १९४२ मध्ये हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमधून गणित आणि भौतिक विज्ञान घेऊन पदवी, मग मेरीलँडमधे वर्षभर गणित शिकवलं, त्यानंतर रिसेप्शनिस्ट, हिशेबनीस, लष्कराच्या ऑफिसात सेक्रेटरी अशा नोकऱ्या. १९५१ मध्ये त्या लँगलीच्या संशोधन केंद्रात, म्हणजे 'नाका' (NACA) या नासाच्या आधीच्या संस्थेत लागल्या, 'कॉम्प्युटर' म्हणून, तेव्हा आकडेमोड करणाऱ्या माणसांनाच कॉम्प्युटर म्हणत. डोरोथी व्हॉन यांच्या हाताखालचा हा विभाग फक्त कृष्णवर्णीय बायकांचा होता कारण व्हर्जिनियात वर्णभेद कायद्यानंच चालायचा. एकदा कामासाठी दुसऱ्या इमारतीत गेल्यावर मेरींनी गोऱ्या सहकारी बायकांना बाथरूम कुठे आहे विचारलं तर त्या हसल्या, तुमचं कुठे ते आम्हाला काय माहीत. परतताना काझिमिएर्झ चार्नेकी हे इंजिनिअर भेटले, त्यांच्यापुढे मेरींचा सगळा संताप बाहेर पडला, त्यांनी तो ऐकून घेतला आणि आपल्याकडे कामाला याल का म्हणून विचारलं.

चार्नेकींकडे ४ फूट बाय ४ फुटांचा सुपरसॉनिक विंड टनेल होता, म्हणजे जोराच्या हवेत मॉडेल तपासायचा बोगदा, ६०,००० हॉर्सपॉवरचा, आवाजाच्या जवळजवळ दुप्पट वेगानं हवा सोडणारा. शंकूच्या आकाराचं मॉडेल त्यात बसवायचं आणि बघायचं की पृष्ठभागाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर नेमका कुठे विस्कटतो, कारण तिथून पुढे घर्षण आणि उष्णता दोन्ही वाढतात आणि विमानाचं डिझाइन करताना ते माहीत असावंच लागतं. मेरींचा १९५८ चा पहिला रिपोर्ट याच विषयावर आहे.

इंजिनिअर व्हायला वरच्या पातळीचं गणित आणि फिजिक्स करणं भाग होतं, त्याचे क्लास संध्याकाळी हॅम्प्टन हायस्कूलमधे भरायचे आणि ती शाळा फक्त गोऱ्यांची. स्वतः गणित शिकवलेल्या बाईला वर्गात नुसतं बसायला नगर प्रशासनाची खास परवानगी काढावी लागली! ती त्यांनी काढली, कोर्स पूर्ण केला आणि १९५८ मध्ये इंजिनिअर झाल्या.

बाहेरचं कामही तेवढंच चालू होतं. तीस वर्षांहून जास्त काळ त्या गर्ल स्काउट या मुलींच्या संघटनेत लीडर होत्या. १९७० च्या दशकात हॅम्प्टनच्या किंग स्ट्रीट कम्युनिटी सेंटरमधल्या मुलांना हाताशी धरून त्यांनी चक्क एक विंड टनेल बांधायला लावला आणि त्यात प्रयोग करायला शिकवलं. नासाच्या वॉशिंग्टनमधल्या मुख्यालयाला २०२० मध्ये त्यांचं नाव जाहीर झालं, अमेरिकी संसदेचं २०१९ चं काँग्रेशनल गोल्ड मेडलही मरणोत्तर मिळालं, पण मला विचाराल तर त्यांची खरी ओळख त्या पोरांच्या टनेलमधे आहे.

१९७९ मध्ये त्यांनी आपणहून खालचा हुद्दा घेतला. इंजिनिअर म्हणून त्या बऱ्याच वर गेल्या होत्या पण मॅनेजमेंटचं दार काही उघडेना, तेव्हा हुद्दा खालचा असला तरी महिला कर्मचाऱ्यांच्या कार्यक्रमाचं मॅनेजरपद पत्करलं आणि १९८५ ला रिटायर होईपर्यंत तेच केलं. नोकरभरती आणि बढतीत बायकांना डावललं जाऊ नये म्हणून तिथं त्या झटल्या. आणि गणिती म्हणून अडकून पडलेल्या बायकांना इंजिनिअर व्हायचं तर पुढे काय शिकावं लागेल हे तर त्या आधीपासूनच सांगत आल्या होत्या.