‘बोर्ड डेड आहे’ म्हणजे नेमके काय?

चवथीच्या आगेमागे, ऐन पावसात, गोव्यातल्या फोंडा-म्हापशाच्या लॅपटॉप-दुरुस्तीच्या टेबलांवर हे वाक्य वरचेवर ऐकू येते. बोर्ड म्हणजे लॅपटॉपचा मदरबोर्ड, सगळे भाग जोडणारी मुख्य पट्टी. गिऱ्हाईक दोष देते विजेच्या लपंडावाला. पण लॅपटॉपचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही घेऊन आत साधारण १९ व्होल्टच पाठवतो. विजेचा दाब थोडा खालीवर झाला म्हणून बोर्ड सहसा जात नाही. (वळवाच्या पावसात आकाशातली वीज जवळपास पडली तर गोष्ट वेगळी.) गोव्यात जास्त छळते ती दमट, खारी हवा. कपाटात महिनाभर बंद पडून राहिलेल्या लॅपटॉपच्या बोर्डवरही हिरवट थर चढतो.

बोर्ड ‘डेड’ ठरवण्याची रीत मात्र काळाप्रमाणे बदलत आली आहे. १९९०च्या दशकातल्या कित्येक थिंकपॅड लॅपटॉपांमध्ये व्होल्टेज बनवणारे डीसी-डीसी कार्ड मदरबोर्डपासून वेगळेच असे. कार्ड बदला, चालू करून बघा, झाले. पुढे ते सगळे सर्किट बोर्डवरच आले. त्यातच डिसेंबर १९९६मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने एसीपीआय हे वीज-व्यवस्थापनाचे मानक आणले, आणि ‘बंद’ या शब्दाचा अर्थच पातळ झाला. आता बंद लॅपटॉपातही एक छोटा कंट्रोलर जागा असतो. आधी ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइन उभ्या राहतात, मग बटणाचा सिग्नल, मग चिपसेटचा (बोर्डवरच्या मुख्य नियंत्रक चिपचा) होकार, मग रॅम आणि अगदी शेवटी प्रोसेसरचा सप्लाय. पूर्वी प्रश्न होता, करंट कुठे अडला? आता विचारावे लागते, होकार कोणी दिला नाही?

म्हणून जाणता कारागीर आधी टेबलावरचा डीसी सप्लाय (करंट दाखवणारा वीजपुरवठा) जोडून अँपिअरचा आकडा बघतो. काटा शून्यावर असेल तर जॅक किंवा पहिले मॉसफेट (वीज आत सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) संशयित. जेमतेम ०.०२ दाखवून थांबला तर कंट्रोलरपर्यंत वीज पोहोचली असावी, पुढची परवानगी अडली. जोडताक्षणी व्होल्टेज कोसळले तर शॉर्ट, आणि तो बहुधा मोहरीएवढ्या एखाद्या सिरॅमिक कपॅसिटरचा. अशा वेळी त्या लाइनवर एखादा व्होल्ट सोडतात आणि बोर्डवर आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकतात. जिथे ते आधी सुकते तिथे चोर. नवशिके एक चूक हमखास करतात: प्रोसेसरच्या कॉइलवर मीटर बीप वाजला की शॉर्ट म्हणून मोकळे होतात. तिथे रोध मुळातच अगदी कमी असतो.

हीट गनची (गरम हवेने बोर्ड तापवण्याची) सवय लागली ती एका वेगळ्याच प्रकरणातून. १ जुलै २००६पासून युरोपात शिसेविरहित सोल्डर सक्तीचे झाले. जुने सोल्डर १८३ अंशांना वितळे, नवे साधारण २१७ला. याच सुमारास एनव्हिडियाच्या काही ग्राफिक चिप आतून निकामी होऊ लागल्या. जुलै २००८मध्ये कंपनीने त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. बोर्ड तापवला की चिप काही आठवडे पुन्हा चाले, आणि ‘गरम करून दिला’ ही दुरुस्ती रूढ झाली. सप्लायच्या बिघाडाशी तिचा काडीचा संबंध नव्हता, तरी त्या नावाखाली चांगले बोर्डही भाजले गेले.

२०१४मध्ये यूएसबी टाइप-सी पोर्ट आले आणि होकाराची साखळी बोर्डाबाहेर, केबलपर्यंत गेली. चार्जर आधी फक्त ५ व्होल्ट देतो. सीसी पिनवरून (पोर्टमधल्या संवादाच्या पिनेवरून) लॅपटॉपशी बोलणी झाली तरच २० देतो. मीटर ५वरच अडकला तर आपल्याकडे आधी पोर्ट भिंगाखाली धरावा. बारीक पिनांवर हिरवे दिसले, तर अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. बोर्ड खोलायचा तो त्यानंतर.