गुन्हा नोंदला म्हणजे सरकारी नोकरी गेली?

‘एफआयआरमध्ये नाव आलं की सरकारी नोकरी विसरा,’ हे वाक्य पोलीस भरतीच्या मैदानापासून अभ्यासिकेपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते खरं नाही. शिवाय या भीतीपोटीच पोरं नको ती चूक करतात.

निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरावा लागतो. कधी अटक झाली होती का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली का, असे प्रश्न त्यात असतात. गावच्या मारामारीत नाव असलेला उमेदवार घाबरून ‘नाही’ लिहितो. चारित्र्य पडताळणीत पोलीस ठाण्यातून ते बाहेर येतंच, मग मूळ गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीच जड जाते.

सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग खटल्यात हे बऱ्यापैकी स्पष्ट केलं. माहिती खरी द्या. गुन्ह्याचं स्वरूप आणि पदाची जबाबदारी पाहून निर्णय नेमणूक करणाऱ्याने घ्यायचा. तरुण वयात घोषणा दिल्यासारखा किरकोळ गुन्हा लपवला असेल, तर तेही माफ करता येतं. मात्र फॉर्ममध्ये विचारलंच नसेल, तर लपवल्याचा ठपका ठेवता येत नाही.

उलटा गैरसमजही आहे: निर्दोष सुटलो म्हणजे नोकरी पक्की. तसंही नाही. साक्षीदार फुटल्यामुळे किंवा संशयाचा फायदा मिळून सुटलेल्या उमेदवाराला पोलीस दल नाकारू शकतं. मेहर सिंग प्रकरणात 2013 मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं. खाकी वर्दीसाठी ही कडक चाळणी मला रास्त वाटते. कार्यालयातल्या शिपायाच्या किंवा माळ्याच्या पदालाही तीच लावणं मात्र अति आहे.