मॉरिशस : सगळेच जिथे बाहेरून आले

मॉरिशसची सहल ठरली की पर्यटक कंपनीचं माहितीपत्रक हातात पडतं, आणि त्यात 'थक्क करणाऱ्या' गोष्टींची एक ठरलेली यादी असते. डोडो पक्षी, शामारेलची सात रंगांची माती, ले मोर्नजवळचा पाण्याखालचा धबधबा, लष्कर नसलेला देश, गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी. पाण्याखालचा धबधबा हा खरा धबधबा नाही, एवढं आधीच सांगून टाकतो. वाळू आणि गाळ खोल समुद्रात सरकत जातात, त्यांचा तो भास आहे आणि तोही हेलिकॉप्टरमधूनच दिसतो. बाकीच्या बहुतेक नवलांचं मूळ मात्र एका साध्या गोष्टीत आहे. या बेटाला मूळ रहिवासीच नाहीत. माणसं, ऊस, हरणं, माकडं, उंदीर, कायदे, चलन, देव, सगळं जहाजातून उतरलं. कोण कधी उतरलं आणि कोणी कोणाला आणलं, हे कळलं की यादीतल्या सुट्या गोष्टी एकमेकींना जोडल्या जातात.

अरब खलाशांना हे बेट माहीत होतं, पोर्तुगीजही सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला येऊन गेले, पण राहिलं कोणी नाही. १५९८ मध्ये डच आले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राचं, मॉरिस ऑफ नासाऊचं नाव बेटाला दिलं. १६३८ पासून त्यांनी वस्ती करून पाहिली. जाव्याहून ऊस आणला, हरणं आणली, आबनूसची जंगलं तोडली आणि १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. डोडो याच काळात संपला. खलाशांनी मारून खाल्ला म्हणून तो नाहीसा झाला, असं आपण शाळेत शिकतो. पण जहाजांतून आलेली डुकरं, माकडं आणि उंदीर यांनी जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी फस्त केली, ते कारण अधिक मोठं होतं. डोडो पाहिल्याची शेवटची सर्वमान्य नोंद १६६२ ची आहे.

डोडोचा भारताशी आलेला संबंध फारसा कोणाला माहीत नसतो. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६३० च्या सुमारास सुरतेला होता, तिथे त्याने दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरच्या नावावर एक चित्र सांगितलं जातं, त्यात इतर पक्ष्यांच्या मधोमध डोडो उभा आहे. ते चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. युरोपात रंगवलेले डोडो गुबगुबीत, जवळजवळ विनोदी दिसतात. मुघल चित्रातला त्या मानाने सडपातळ आहे, आणि अभ्यासक त्याला डोडोच्या सर्वांत विश्वासार्ह रंगीत चित्रांपैकी एक मानतात. शिवरायांच्या जन्माच्या आसपास सुरतेच्या कुठल्या तरी पिंजऱ्यात डोडो होता, ही कल्पना मला तरी सात रंगांच्या मातीपेक्षा जास्त रंगीत वाटते.

डचांनी सोडलेलं बेट १७१५ मध्ये फ्रेंचांनी घेतलं आणि त्याला 'इल द फ्रान्स' म्हणायला लागले. १७३५ मध्ये आलेला गव्हर्नर माहे द ला बुर्दोने याने पोर्ट लुईचं खरं बंदर केलं. बांधकामाला पाँडिचेरीकडून तमिळ कारागीर आणले, शेतीला आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम. म्हणजे मॉरिशसमध्ये भारतीय माणूस गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, शंभर वर्षं आधी पोचला होता. १७४६ मध्ये याच ला बुर्दोनेने इथूनच आरमार नेऊन मद्रास जिंकलं. ब्रिटिशांना हे बेट का खुपत होतं, ते यावरून कळावं.

१८१० च्या ऑगस्टमध्ये ग्रां पोर्टच्या उपसागरात फ्रेंचांनी ब्रिटिश आरमाराला धूळ चारली. या लढाईचं नाव पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेलं आहे. पण नोव्हेंबरच्या अखेरीस ब्रिटिश पुन्हा आले, या वेळी भारतातून जमवलेली मोठी फौज घेऊन, आणि डिसेंबरमध्ये बेट पडलं. शरणागतीच्या तहात मात्र फ्रेंच रहिवाशांनी आपला धर्म, कायदे आणि रीतिरिवाज राखून घेतले. आज प्रवाशाला जे कोडं पडतं त्याचा उलगडा या तहात आहे. गाड्या डाव्या बाजूने धावतात, सरकारी कागद इंग्रजीत असतात, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये आणि रस्त्यावरचं बोलणं क्रिओल या फ्रेंचमधून घडलेल्या बोलीत. दिवाणी कायदा नेपोलियनच्या संहितेवर उभा आहे आणि शेवटचं अपील जातं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे!

पुढचा अध्याय साखरेचा. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरचा ब्रिटनमधला कर वेस्ट इंडीजच्या साखरेइतका करण्यात आला आणि मळेवाल्यांनी दिसेल तिथे ऊस लावला. दहा वर्षांत, १ फेब्रुवारी १८३५ ला, गुलामगिरी कायद्याने संपली. साठ हजारांहून जास्त माणसं मोकळी झाली. नुकसानभरपाई मात्र मिळाली मालकांना, वीस लाख पौंडांहून अधिक. तोडणीला माणसं कुठून आणायची, याचं उत्तर ब्रिटिश सरकारकडे तयार होतं. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल आणि अंगावरचे कपडे. गुलामांऐवजी 'स्वेच्छेने' आलेला करारी मजूर चालतो का, हे पाहण्याला त्या काळी 'महान प्रयोग' म्हटलं गेलं. प्रयोग मळेवाल्यांच्या दृष्टीने इतका चालला की फिजीपासून त्रिनिदादपर्यंत त्याची नक्कल झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं मॉरिशसला आली, आणि १८६१ पर्यंतच लोकसंख्येत भारतीयांचं प्रमाण दोन तृतीयांशाच्या घरात गेलं होतं.

पोर्ट लुईच्या बंदरालगतचा आप्रवासी घाट म्हणजे या मजुरांना उतरवून घ्यायचा डेपो. १८४९ मध्ये तो बांधायला सुरुवात झाली आणि २००६ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. बघायला गेलं तर तिथे भव्य असं काही नाही. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या, स्वयंपाकघर, शेड, दवाखान्याचे अवशेष. मूळ डेपोचा बराच भाग नंतरच्या रस्त्याखाली गेला. या पायऱ्या चढून आलेल्या माणसाला एक क्रमांक मिळे आणि वहीत त्याचं नाव, वडिलांचं नाव, जात, गाव, उंची, अंगावरच्या खुणा उतरवल्या जात. दोनेक दिवसांत मळ्याकडे रवानगी. तिथला सगळ्यांत जाचक नियम 'दुहेरी कपाती'चा होता: एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी बुडायची. डेपोच्या त्या वह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत आणि आपल्या पणजोबाचं गाव शोधायला लोक आजही तिथे जातात.

यातले बहुसंख्य लोक कलकत्त्याहून आलेले, मूळचे बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशातले. मद्रासहून तमिळ आणि तेलुगू आले. मुंबई बंदरातून निघालेल्यांची संख्या या मानाने बरीच कमी, आणि त्यांत रत्नागिरी आणि कोकणपट्टीतल्या माणसांचा भरणा होता. पण मुंबई इलाख्याचं नातं त्याहूनही जुनं आहे. १८१५ नंतरच्या दोन दशकांत बंगालबरोबर मुंबई इलाख्यातले जन्मठेपेचे कैदीही मॉरिशसला रस्ते बांधायला पाठवले जात. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन तिथे थांबला होता, तेव्हा हे भारतीय कैदी पाहून त्यांच्या रुबाबदारपणाचं त्याला नवल वाटलं आणि त्याने ते लिहून ठेवलं.

पश्चिमेकडच्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात मराठी वस्ती ठळक आहे. बेटावरचा पहिला गणेशोत्सव १८९६ मध्ये हेन्रिएटा गावात झाला, असं मॉरिशसचे मराठी सांगतात. आपल्याकडे लोकमान्यांच्या सार्वजनिक उत्सवाला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. कोकणातला जाखडी नाच तिथे 'झाकरी' म्हणून टिकला आहे. घरात बोलली जाते क्रिओल, पण मराठी हा प्राथमिक शाळेत निवडता येणारा विषय आहे. एक गोष्ट आपल्या माणसाला हमखास गोंधळात टाकते. मॉरिशसमध्ये रोजच्या बोलण्यात 'हिंदू' म्हणजे हिंदी-भोजपुरी परंपरेतले. तमिळ, तेलुगू आणि मराठी यांचा उल्लेख वेगळा होतो. 'तुम्ही हिंदू का?' असं विचारलं तर 'नाही, मराठी' असं उत्तर येऊ शकतं. मोका इथे मराठी मंडळींच्या महाराष्ट्र भवनात २०२३ मध्ये शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं.

मजुरांबरोबर रुपयाही आला. भारतीय रुपये बाजारात इतके खेळू लागले की १८७६-७७ मध्ये सरकारने रुपया हेच बेटाचं चलन केलं. नोटांवर आजही इंग्रजीबरोबर तमिळ आणि हिंदी मजकूर असतो. १९९८ मध्ये नव्या नोटांवर हिंदी वर आणि तमिळ खाली गेली, तर तमिळ समाज रस्त्यावर उतरला. आम्ही आधी आलो, हा त्यांचा मुद्दा होता, आणि ला बुर्दोनेचा काळ आठवला तर तो खोटा नाही. सरकारला त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. जिथे सगळेच बाहेरचे, तिथे आधी कोण उतरलं याला मोल येतं.

गांधीजी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना जहाज थांबलं म्हणून जवळपास तीन आठवडे इथे राहिले. मुलांना शिकवा आणि राजकारणात उतरा, असं त्यांनी तिथल्या भारतीयांना सांगितलं. त्यांच्या सांगण्यावरून १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तिथे आले आणि मजुरांचे खटले लढले. पुढे १९६८ मध्ये स्वातंत्र्य घेताना मॉरिशसने मुद्दाम १२ मार्च ही तारीख निवडली, दांडीयात्रा निघाल्याचा दिवस म्हणून.

लष्कर नाही हे खरं. पोलिसांचंच एक विशेष दल ते काम बघतं. पण हा देश फक्त दोन हजार चौरस किलोमीटर जमिनीचा आहे असं समजू नका. त्याचं समुद्री आर्थिक क्षेत्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर सांगितलं जातं, म्हणजे जवळपास भारताच्या समुद्री क्षेत्राएवढं. त्यातला चागोस द्वीपसमूह ब्रिटनने १९६५ मध्ये, स्वातंत्र्याच्या तोंडावर, तीस लाख पौंड देऊन तोडून घेतला, तिथली माणसं हलवली आणि दिएगो गार्सिया अमेरिकेला तळासाठी दिलं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लागार मतात हे विभाजन बेकायदा ठरवलं. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या. त्यात चागोसवरचं सार्वभौमत्व मॉरिशसकडे आणि दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर ब्रिटनकडे, अशी वाटणी आहे.